उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

ब्रिटनमध्ये जुनी गाडी दोन दिवस उभी राहिली आणि तिची बॅटरी उतरली, की गुन्हेगार आधीच ठरलेला असतो: लुकास. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी दिवे विकण्यापासून सुरू केलेली ही कंपनी विसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेक ब्रिटिश गाड्यांना डायनमो, स्टार्टर, दिवे, स्विच असं सगळं पुरवत होती. तिचा वरचष्मा इतका होता, की गाड्यांच्या विद्युत सामानाच्या पुरवठ्यावर १९६३ मध्ये मक्तेदारी आयोगाने स्वतंत्र अहवाल दिला. वाहनप्रेमींनी या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवलं आणि ते नाव आजही टिकून आहे. उभ्या गाडीची बॅटरी खाल्ली जाण्याचा सगळा दोष या एका नावावर टाकणं मला मात्र अन्यायाचं वाटतं. त्यामागे कायदा, चोऱ्या आणि विमा यांचा इतिहास आहे, आणि तो कंपनीच्या बदनामीत झाकला गेला आहे.

लुकासच्या सामानात दोष नव्हते असं कोणी म्हणणार नाही. वायरी जोडणारे तिचे बुलेट कनेक्टर इंग्लंडच्या ओलाव्याने आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजत. गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणारी करंटची वाट, म्हणजे अर्थ, रंग आणि गंजाच्या थराखाली अडत असे. पण गंजलेला जोड करंट अडवतो. त्याने दिवा मंद होईल, वायपर रेंगाळेल, हॉर्न घोगरा होईल. बॅटरी उतरायची तर करंटला सलग, मोकळी वाट लागते. म्हणजे ज्या दोषामुळे कंपनीचं नाव अंधाराशी जोडलं गेलं, तो बॅटरी वाचवणाराच म्हणायला हवा. यावर जाणकार कटआउटकडे बोट दाखवतील. इंजिन मंदावून डायनमोचा दाब बॅटरीच्या खाली गेला, की कटआउटची टोकं उघडायला हवीत. ती चिकटली तर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होऊ लागते. हे खरं आहे, पण तो आजार मोठ्या करंटचा. वायरी तापतात, वास येतो, काही तासांतच निकाल लागतो. दिवसेंदिवस थोडं थोडं खाणाऱ्या चोराची ही चाल नव्हे.

तो चोर शोधायची सोय त्या जुन्या वायरिंगमध्येच होती, आणि हे श्रेय फारसं कोणी देत नाही. ब्रिटिश गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असत. तपकिरी वायर थेट बॅटरीवरून येणारी, जांभळी म्हणजे तोच पुरवठा फ्यूजमधून आलेला. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यापुढची फ्यूजमधली. म्हणजे चावी काढल्यावर शोध मुख्यतः तपकिरी आणि जांभळ्या वायरींतच घ्यायचा. मॉरिस मायनर १०००च्या फ्यूज बॉक्समध्ये कामाचे फ्यूज दोनच: एक चावीमागचा, दुसरा हॉर्नसारख्या कायम जिवंत गोष्टींचा. बॅटरीची अर्थ केबल सोडून मधे मीटर लावायचा, कायम जिवंत फ्यूज काढायचा आणि काटा पडतो का ते पाहायचं. पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये बाजारात आलेला ॲव्होमीटर हाताशी असला, की पुढे फक्त धीर लागे.

त्या काळात उभ्या गाडीची बॅटरी सर्वांत जास्त कोणी खाल्ली असेल, तर ती कायद्याने. रात्री रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीने दिवे लावून ठेवावेत हा तिथला जुना नियम. तो टप्प्याटप्प्याने सैल होत गेला. आजही ताशी ३० मैलांहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर रात्री गाडी उभी केली, तर पार्किंगचे दिवे लावावे लागतात. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक असे सहा-सहा वॉटचे पाच बल्ब धरले, तर १२ व्होल्टवर अडीच अँपिअर होतात. दहा तासांच्या रात्रीत पंचवीस अँपिअर-अवर गेले. चाळीसेक अँपिअर-अवरच्या बॅटरीत हिवाळ्याच्या सकाळी मग स्टार्टर फिरवायला उरणार काय?

पुढे नव्वदच्या दशकात वाहनचोऱ्यांनी कळस गाठला. गुन्हेगारी रोखण्याचा सरकारी दबाव आणि विमा कंपन्यांचे सुरक्षा-निकष यांतून अलार्म आणि इमोबिलायझर आले. ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. रेडिओ चोरीला जाऊ नये म्हणून त्याला कोड आला आणि रेडिओची आठवण टिकवायला कायमचा पुरवठा लागला. गाडीने चावी काढल्यावरही जागं राहावं, हे आता तिचं कर्तव्यच ठरलं. हा जागं राहण्याचा खर्च ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि ६० अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी होते. सोलिहलमध्ये बनलेल्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये तर याची हद्द झाली. रिमोटचा संदेश ऐकण्यासाठी जागा असणारा तिचा रिसीव्हर आसपासच्या दुसऱ्याच उपकरणांच्या रेडिओलहरी ऐकून मुख्य कंट्रोल युनिटला पुन्हा पुन्हा उठवी. कुठे गळती नव्हती, वायर तुटलेली नव्हती. तरी बॅटरी उतरे. शेवटी सुधारित रिसीव्हर काढावा लागला.

कोणी म्हणेल, एवढंच असेल तर नव्या गाड्याही करंट खातात, मग त्या का बंद पडत नाहीत? कारण तो खर्च रोज चालणारी गाडी आणि नवी बॅटरी गृहीत धरून बसवलेला असतो. गाडी म्हातारी होते, घरातली दुसरी गाडी होते, आठवडाभर उभी राहते. २०२० च्या टाळेबंदीत बऱ्या गाड्याही अशा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याही बॅटऱ्या उतरल्या. गाड्यांत बिघाड झाला नव्हता, फक्त चालणं थांबलं होतं. मग बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच बसवावा, असा सल्ला मिळतो. साठच्या दशकातल्या गाडीला तो चोख आहे. पण त्या रेंज रोव्हरची बॅटरी तोडून परत जोडली, की काचा नव्याने सेट कराव्या लागतात, रेडिओ कोड मागतो, आणि ज्या अलार्मसाठी हा सगळा खर्च चालला होता तोही गप्प होतो. वार्षिक एमओटी चाचणीही या बाबतीत कामाची नाही: १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा तिने ब्रेक, स्टीअरिंग, दिवे पाहिले, झोपलेली गाडी किती खाते हे ती आजही मोजत नाही.

म्हणून कारागिराची पद्धतच बदलली. आता तो बॉनेट उघडून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणतो, म्हणजे गाडीला दार लागलेलं वाटतं. मग अर्धा तास काहीही न करता थांबतो, एकेक युनिट झोपेपर्यंत. फ्यूज ओढून पाहायचा मोह तो आवरतो, कारण परत बसवताना झोपलेलं युनिट जागं होतं आणि मोजणी मुळापासून सुरू करावी लागते. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना मीटर लावून मिलिव्होल्टचा फरक बघतो. जिथे शून्याहून वेगळा आकडा दिसेल, तिथून करंट जातो आहे, आणि तिथपासूनची वायर मग हाताने चाचपत जायची.