अँग्लिकन प्रॉव्हिन्सचे दप्तर आणि त्याचे वारस

अँग्लिकन पंथात एका बिशपच्या अधिकारक्षेत्रास 'डायोसिस' अर्थात धर्मप्रांत म्हणतात. अशा अनेक धर्मप्रांतांच्या स्वायत्त संघास 'प्रॉव्हिन्स' ही संज्ञा आहे. भारतात कोलकाता (१८१४), मद्रास (१८३५) व मुंबई (१८३७) हे धर्मप्रांत प्रथम स्थापन झाले. नागपूर (१९०३) व नाशिक (१९२९) त्यानंतरचे. ब्रिटिश संसदेच्या १९२७ च्या कायद्यानुसार १ मार्च १९३० रोजी हे चर्च 'चर्च ऑफ इंग्लंड'पासून वेगळे झाले आणि 'चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन' हा स्वतंत्र प्रॉव्हिन्स अस्तित्वात आला.

हा प्रॉव्हिन्स आता उरलेला नाही. २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिणेतील धर्मप्रांत 'चर्च ऑफ साउथ इंडिया'त विलीन झाले. १९७० मध्ये ब्रह्मदेशाचा वेगळा प्रॉव्हिन्स झाला, पाकिस्तानात संयुक्त चर्च स्थापन झाले आणि २९ नोव्हेंबर रोजी नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चा जन्म झाला. संस्था विसर्जित झाली, तिचे दप्तर मात्र अनेक वारसांत विभागले गेले.

या दप्तरात धर्मसभांची इतिवृत्ते, बिशपांचा पत्रव्यवहार, धर्मगुरूंच्या नेमणुका, चर्चच्या प्रतिष्ठापनेचे लेख, जमिनींची विश्वस्तपत्रे, हिशेब, तसेच बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या येतात. त्यांपैकी नोंदवह्यांचे नशीब बलवत्तर ठरले. कंपनी सरकारच्या काळापासून त्यांच्या नकला लंडनला धाडण्याची पद्धत होती. मुंबई इलाख्याच्या १७०९ पासूनच्या अशा नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मात्र ही व्यवस्था दोन अंगांनी अपुरी होती. तीत फक्त बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्याच नोंदी येत. कारभाराचे कागद तिच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय नकलांमध्ये भरणा मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांचा आहे. नाशिकजवळील शरणपूरच्या मिशन वसाहतीत मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तेथे आश्रय मिळाला होता. अशा सामान्य माणसांचा माग प्रामुख्याने स्थानिक कागदांतूनच लागू शकतो. ते नष्ट झाल्यास दुसरी प्रत मिळण्याची शक्यता कमी.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. गुजरातमधील ब्रदरेन पंथाच्या चर्चसंबंधी २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त मालमत्ता 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'कडे जात नाही. ते चर्च अँग्लिकन नव्हते. परंतु मूळ विश्वस्तपत्राचे मोल त्या निकालाने अधोरेखित केले.

जतनाचे मार्ग परिचित आहेत. दमट हवा, वाळवी व कसर यांपासून कागद दूर ठेवणे, आम्लविरहित वेष्टने वापरणे आणि जुन्या लोहयुक्त शाईने पोखरलेली पाने तज्ज्ञांच्या हाती सोपवणे, ही प्राथमिक काळजी होय. अभिलेखशास्त्राचा दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा आहे: ज्या कार्यालयात कागद निर्माण झाले, त्याच्याच क्रमाने ते ठेवावेत. विषयवार फेरमांडणी केल्यास कोणता निर्णय कशामुळे झाला, हा धागाच तुटतो. संगणकीय प्रतिमांमुळे हाताळणी टळते; पण त्या मूळ कागदाची जागा घेऊ शकत नाहीत.

या सर्वांच्या आधी मात्र सूची हवी. कोणता कागद कोणत्या कपाटात आहे याची नोंदच नसेल, तर तो हरवल्याचेही कोणाच्या ध्यानात येत नाही.