रायगडावरील दुभाषी

शिवराज्याभिषेकाची हकीकत सांगतांना हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाचें नांव कोणी विसरत नाहीं. कॉलेजांत इतिहास शिकवितांना आम्हीही कित्येक वर्षें त्या प्रकरणास ‘ऑक्झेंडनची वकिली’ असेंच म्हणत आलों. पुढें त्या वेळचे इंग्रजी कागद सावकाश वाचूं लागल्यावर त्याच्या शेजारीं उभा असलेला एक मराठी माणूस आमच्या नजरेस वारंवार पडूं लागला. तो मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी होय.

१९८१ पासून रायगड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे त्या काळच्या मुंबईकरांस रोज पाहावें लागे. त्यांचें धान्य व सर्पण समोरच्या मुलुखांतून यावयाचें. शिवाय १६६१ सालीं मराठ्यांनीं लुटलेल्या राजापूरच्या वखारीच्या भरपाईचें घोंगडें भिजत पडलें होतें. १६७२ त उस्टिक व १६७३ त निकल्स असे दोन साहेब बोलणीं करून गेले, पण तंटा मिटला नाहीं. १६७४ च्या वसंतांत नारायण शेणवी रायगडीं गेला. महाराजांच्या राणीचें नुकतेंच निधन झालें होतें, म्हणून भेटीसाठीं त्यास थांबावें लागलें. दरबाराचा रागरंग पाहून एप्रिलच्या आरंभीं त्यानें मुंबईस सविस्तर पत्र धाडलें. साहेबाची वाट अशी आधीं दुभाष्यानें झाडून ठेविली होती.

मे महिन्यांत ऑक्झेंडन निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर या मार्गानें तो पाचाडास पोंचला. महाराज तेव्हां प्रतापगडीं भवानीच्या दर्शनास गेले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीशीं तह करावा अशी रदबदली करण्याचें कामही इंग्रजांनीं ऑक्झेंडनवर सोंपविलें होतें. निराजीपंतांनीं तो विषय न काढण्याची सूचना त्यास केली. कोणती गोष्ट बोलूं नये हें सांगणें हाही मुत्सद्देगिरीचाच भाग आहे.

तहाच्या वीस कलमांपैकीं दोनांवर खरी अडचण आली. इंग्रजांचें नाणें राज्यांत चालावें, या मागणीवर उत्तर मिळालें कीं, कोणत्याही नाण्यास येथें बंदी नाहीं, पण ज्यांत रयतेचें नुकसान होईल तें घेण्याची सक्ती तिच्यावर करतां येणार नाहीं. फुटून किनाऱ्यास लागलेलीं गलबतें परत मिळावीं, या मागणीवर सांगण्यांत आलें कीं, असा माल परत देणें कोंकणच्या कायद्यास धरून नाहीं. आज तुम्हांस सवलत दिली, तर उद्यां फ्रेंच व डच तीच मागतील. मात्र बुडत्या खलाशांस साह्य देण्यास ना नव्हती.

‘कोंकणचा कायदा’ हे शब्द आपण इंग्रजींतून वाचतों. बोलणाऱ्याच्या तोंडीं ‘वहिवाट’ होती कीं ‘शिरस्ता’? वहिवाट जनांची असते, शिरस्ता सरकारचा. तहाच्या बोलण्यांत एवढ्या फरकानें एखादा हक्क टिकतो किंवा जातो. असला प्रत्येक शब्द तोलून इकडून तिकडे नेण्याचें काम दुभाष्याचें होतें. नारायण शेणवी इंग्रजांचें मीठ खात होता. म्हणून त्यास परका ठरविणें सोपें आहे. परंतु दोन्ही पक्षांचा विश्वास बसल्याखेरीज असलें काम एक दिवसही चालत नाहीं.

६ जून १६७४ रोजीं दरबार भरला तेव्हां ऑक्झेंडन सिंहासनापासून बऱ्याच अंतरावर उभा होता. त्यानें लवून मुजरा केला, आणि नारायण शेणव्यानें नजर करावयाची हिऱ्याची अंगठी हात उंच करून वर धरली. महाराजांचें लक्ष तिकडे गेलें व त्यांनीं त्या मंडळीस सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत येण्याची आज्ञा केली. ही हकीकत खुद्द ऑक्झेंडननेंच लिहून ठेविली आहे. आपल्या दुभाष्याचें नांव तिच्यांत घालण्यास तो विसरला नाहीं. विसरलों तें आम्ही, आणि यापुढें वर्गांत हा प्रसंग सांगतांना तरी ती चूक आमच्या हातून होऊं नये.