विणणं: मागावरचं आणि सुयांवरचं



अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट कानात बसतो. आमच्या गटातल्या काही जणी तिथं टॉवेलच्या कडा शिवायला आणि घड्या घालायला जातात, बाकीच्या घरी विड्या वळतात. यंदा आम्ही आठ-दहा जणींनी हौसेनं सुयांवरचं विणकाम हाती घेतलं, तर शेजारणी म्हणाल्या, "हे रिकामपणाचे उद्योग!" म्हणून आज या उद्योगाचा इतिहास सांगतो.

मराठीत चादरही विणतात आणि स्वेटरही विणतात. शब्द एक, पण काम वेगळं. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा लागतो. टॉवेलला तर दोन ताणे, एक ताठ आणि एक सैल. त्या सैल ताण्याचेच टॉवेलावर फुगे येतात. सुयांवर मात्र एकच धागा असतो. एका फासातून दुसरा फास ओढत जायचं. म्हणूनच एक टाका निसटला की शिडीसारखं खालपर्यंत उसवतं.

सुयांवरचं काम म्हणजे लोकरच, असं आपल्याला वाटतं. पण या कामाचे जगातले फार जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले, ते सुती मोजे आहेत. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, आठशे-हजार वर्षांपूर्वीचे. पुढं युरोपात मोजे आणि टोप्या विणणाऱ्यांचे संघ झाले, त्यांत मुख्यतः पुरुष. कारागीर म्हणून मान्यता मिळवायला वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे, परीक्षा द्यावी लागे. तेव्हा त्याला कुणी रिकामपणाचा उद्योग म्हणत नव्हतं. 1589 च्या सुमारास इंग्लंडात विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. हातानं विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, म्हणून राणी एलिझाबेथनं त्याला परवाना नाकारला असं सांगतात. यंत्र काही थांबलं नाही. मजुरी यंत्राकडं गेली आणि बायकांच्या हातात हौस उरली.

सोलापूरचं याहून फार वेगळं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथं हातमाग चालवले. 1877 साली कापडाची पहिली गिरणी निघाली, तीच आपली जुनी मिल. नंतर यंत्रमाग आले, गिरण्या बंद पडल्या, आणि 2005-06 साली सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं. पण घरच्या मागासाठी कांड्या भरल्या, तुटलेला धागा सांधला, खळ लावली, ते घरातल्या बायकांनी. मजुरी मागावर बसणाऱ्याच्या नावावर. बाईचं काम म्हणजे "हातभार". आम्हाला या शब्दाचा राग येतो.

आता सुयांकडं येऊ. लोकर महाग, म्हणून गटानं सुती कोन घेतले. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. वीस नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या वीस लडी. इतकं बारीक सूत सुईवर दिसतच नाही, म्हणून चार-पाच पदर एकत्र धरावे लागतात. सुताला लोकरीसारखा ताण नसतो. एकीनं नातवासाठी टोपी विणली, ती पहिल्या धुण्यातच गळ्यापर्यंत उतरली! तेव्हापासून आधी वीतभर नमुना विणायचा, धुऊन वाळवायचा, मग इंचाला किती टाके बसतात ते मोजायचं, असा नियमच झाला.

दुसरीचा रुमाल कडेनं सुरळीसारखा गुंडाळायचा. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की तसं होतंच. दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलटच घातले आणि खाली-वर पाच-सहा ओळी सगळ्या सुलट विणल्या की तो सपाट बसतो. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर आणता येतो. नक्षी अवघड असेल तर दर दहा ओळींनी सगळ्या टाक्यांतून एक रंगीत दोरा ओवून ठेवायचा. पुढं चुकलं तरी तिथवरच उसवतं. विड्या हजारानं मोजणाऱ्या आमच्या बायकांना टाके मोजणं मुळीच जड गेलं नाही.

अडलं ते कोन संपल्यावर. साधी गाठ मारली की रुमालावर खडा लागतो. तेव्हा गटातली सर्वांत वयस्कर मावशी पुढं आली. जन्मभर तिनं घरच्या मागाच्या कांड्या भरल्या. तिनं विणकऱ्याची गाठ दाखवली. एका धाग्याचा फास करायचा, दुसरा त्यातून काढून मागून वळवायचा आणि आपल्याच खाली दाबून ओढायचा. गाठ चपटी बसते, ओढली तर आणखी घट्ट होते. आम्हाला ती यायला दोन दुपारी लागल्या.

पुढच्या बैठकीत शिकवण्याबद्दल मावशीला मानधन द्यावं असा विषय निघाला. दोघी-तिघी म्हणाल्या, घरच्या माणसाला कसले पैसे? बराच वाद झाला. शेवटी ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. मावशीनं अंगठा उठवला आणि विचारलं, "गाठीचे पैसे? मग कांड्यांचे किती झाले असते गं?"