बॅकअप घेतलाय का?

१९८९ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर 'मदर' हा गेम आला. १९९० मध्ये त्याची अमेरिकेसाठी इंग्रजी आवृत्ती तयार झाली आणि मग... रद्द! आमच्या भाषेत, कोड पूर्ण, रिलीज नाही. १९९८ मध्ये तिचं एक प्रोटोटाइप कार्ट्रिज उजेडात आलं. चाहत्यांनी ते मिळवून आतला डेटा कॉपी केला. कित्येकांना तर ही बनवाबनवीच वाटली!

पण घाई बरोबर होती. प्रोटोटाइपमध्ये सहसा ईप्रॉम चिप असते. वर्षानुवर्षं तिच्यातला चार्ज झिरपतो आणि कपाटात जपून ठेवलेलं कार्ट्रिज एक दिवस कोरं निघू शकतं.

२०१५ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच तो गेम 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' नावाने आणला. जवळजवळ तोच! मधली १७ वर्षं लोक तो खेळले, ते त्या कॉपीमुळेच.