लहान खासगी विमाने

लहान खासगी विमाने म्हणजे मालकाने वा भाड्याने घेणाऱ्याने स्वतःचा प्रवास, सराव किंवा छंद यांसाठी उडवलेली, साधारणतः दोन ते सहा आसनांची आणि बहुतांशी दट्ट्यांच्या एकाच इंजिनावर चालणारी विमाने होत. नियमित प्रवासी सेवा, मालवाहतूक व लष्करी उड्डाणे यांचा त्यांत समावेश होत नाही. महाराष्ट्रात ‘खासगी विमान’ म्हटले की उद्योगपती व राजकीय नेते यांची जेट विमाने डोळ्यांपुढे येतात. प्रस्तुत लेखाचा त्या विमानांशी संबंध नाही. ज्यांचे वजन भरलेल्या मोटारीहून फारसे अधिक नसते, अशा साध्या विमानांचा खर्च आणि प्रत्यक्ष वापर हा या लेखाचा विषय आहे.

अशा विमानांचा सर्वाधिक प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ असून नियमित प्रवासी विमाने त्यांपैकी जेमतेम दहाव्या हिश्श्यावर उतरतात. उरलेले विमानतळ मुख्यतः लहान विमानांच्याच उपयोगाचे आहेत.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १९२५ साली प्रथम उडालेले डी हॅव्हिलँड मॉथ आणि अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात आलेले पायपर कब या विमानांनी हौशी उड्डाण मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर सेस्ना, पायपर व बीचक्राफ्ट या अमेरिकन कंपन्या या क्षेत्रात अग्रेसर ठरल्या. १९५६ पासून विक्रीस आलेल्या चार आसनी सेस्ना १७२ ची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान आजवर बनलेले नाही.

१९७८ साली अमेरिकेतील कारखान्यांतून सामान्य विमानवाहतुकीच्या व्यापक वर्गातील १७,८११ विमाने बाहेर पडली. १९९४ साली हा आकडा ९२८ वर आला. अपघातानंतर निर्मात्यांवर होणारे भरपाईचे दावे व त्यापोटी वाढलेला विम्याचा बोजा हे या घसरणीचे एक प्रमुख कारण मानले जाते. सेस्नाने तर १९८६ साली दट्ट्यांच्या इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले होते. १९९४ च्या कायद्याने निर्मात्याची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली, तेव्हा उत्पादन पुन्हा सुरू झाले. मधल्या खंडाचा परिणाम अजून टिकून आहे. आज वापरात असलेली कितीतरी विमाने त्यांच्या वैमानिकांहून वयाने मोठी आहेत. जुने विमान मोटारीसारखे भंगारात जात नाही, हे त्यामागचे दुसरे कारण होय. वेळोवेळी सुटे भाग बदलून व तपासणी करून ते पन्नास वर्षांनंतरही कायदेशीररीत्या उडवता येते.

खर्च

विमान विकत घेण्याची रक्कम हा खर्चाचा केवळ प्रारंभ असतो. त्यानंतरच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला, विमान उडो वा न उडो, द्यावाच लागणारा: हँगरचे किंवा उघड्यावर विमान बांधून ठेवण्याच्या जागेचे भाडे, विम्याचा हप्ता आणि वार्षिक तपासणी. दुसरा, उड्डाणाच्या तासागणिक होणारा: इंधन, तेल, टायर आणि इंजिनाची झीज.

यांपैकी इंजिनाच्या झिजेकडे नव्या मालकाचे हमखास दुर्लक्ष होते. लायकमिंग कंपनीच्या अनेक इंजिनांसाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, इंजिन संपूर्ण उकलून नव्याने जोडण्याची शिफारस निर्माता करतो. हे काम काही दशसहस्र डॉलरचे असते. त्यामुळे जाणते मालक प्रत्येक तासाच्या उड्डाणामागे ठरावीक रक्कम बाजूला टाकतात. वापर कमी ठेवल्याने इंजिन टिकते, ही समजूतही चुकीची आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या आतील भागांवरील तेल ओघळून जाते, दमट हवेने त्यांना गंज चढतो आणि मुदतीच्या कितीतरी आधी इंजिन उघडावे लागते. मुंबईसारख्या किनारी हवामानात हा धोका अधिक असतो.

मालकी परवडते की भाडे, याचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, अमेरिकेतील एका जुन्या चार आसनी विमानाचा स्थिर खर्च वर्षाला ९,००० डॉलर आहे. इंधन, तेल व इंजिनासाठीची तरतूद मिळून तासाला ९० डॉलर लागतात आणि तसेच विमान क्लबकडून इंधनासह तासाला १८० डॉलर भाड्याने मिळते. वर्षाला ५० तास उडणाऱ्या मालकाचा खर्च १३,५०० डॉलर होईल, तर भाडेकरूचा ९,०००. शंभर तासांवर दोघे समान पातळीवर येतात आणि त्यापुढे मालक फायद्यात राहतो. या हिशेबात विमानाच्या किमतीत अडकलेले भांडवल धरलेले नाही. प्रत्यक्षात वर्षाला शंभर तास उडणारे हौशी वैमानिक थोडे असतात; म्हणून दोघाचौघांनी मिळून विमान घेणे किंवा क्लबचे सभासद होणे हा मार्ग रूढ आहे. मात्र भाड्याचे विमान सुट्टीच्या दिवशी मिळेलच असे नाही, आणि ते मुक्कामी नेले तर उभ्या दिवसांचेही किमान तास मोजावे लागतात.

अनपेक्षित खर्च हा निराळाच प्रकार. एखाद्या जातीच्या विमानात दोष आढळल्यास शासन त्या जातीच्या सर्व मालकांना दुरुस्तीचा आदेश देते आणि तो स्वखर्चाने पाळावा लागतो. उपकरणांच्या सक्तीचेही तसेच. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रांत स्वतःचे स्थान प्रक्षेपित करणारे उपकरण अनिवार्य झाले. ज्यांची विमानेच स्वस्तातली होती, त्यांना हा खर्च चांगलाच जाणवला.

इंधन

दट्ट्यांच्या इंजिनांना बहुधा एव्हगॅस हे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागते. प्रवासी जेट विमानांत वापरले जाणारे इंधन रॉकेलच्या जातीचे असल्याने ते या इंजिनांत चालत नाही. चुकून भरल्यास इंजिन बंद पडते. एव्हगॅसच्या ‘१०० एलएल’ या प्रचलित प्रकारास निळा रंग देतात, तो ओळख पटावी म्हणूनच. त्याच्या नावात ‘अल्प शिसे’ असा निर्देश असला, तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात असू शकते. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले. विमानांच्या पेट्रोलमध्ये ते उरले. विमानतळांजवळ राहणाऱ्या मुलांच्या आरोग्याचा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हे उत्सर्जन सार्वजनिक आरोग्यास घातक असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. २०३० च्या अखेरीपर्यंत शिसेयुक्त एव्हगॅस थांबवण्याचे तेथे उद्दिष्ट आहे.

भारवहन आणि पल्ला

चार आसने म्हणजे चार माणसे, हे समीकरण या विमानांना लागू पडत नाही. सेस्ना १७२ एस या प्रकाराचे उड्डाणवेळचे कमाल वजन १,१५७ किलोग्रॅम आहे. विमानाचे स्वतःचे वजन वजा जाता सुमारे ४०० किलोग्रॅम उरतात. टाक्यांतील वापरण्याजोगे सुमारे २०० लिटर इंधन भरले, की त्याचेच १४४ किलोग्रॅम होतात. उरलेल्या २५५ किलोग्रॅमांत तीन प्रौढ व थोडे सामान बसते. चौथा प्रवासी घ्यायचा, तर इंधन कमी करावे लागते आणि वाटेत उतरून ते पुन्हा भरावे लागते. वजन कोठे ठेवले आहे, यालाही तितकेच महत्त्व असते. मागील बाजूस भार अधिक झाल्यास विमानाचे नाक वर उचलले जाऊन ते ताब्यात राहणे कठीण होते.

हे विमान ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने जाते व तासाला ३० ते ३८ लिटर इंधन जाळते. मुंबई ते नागपूर हे सुमारे ७०० किलोमीटरचे हवाई अंतर ते वारा नसल्यास तीन तासांहून थोड्या अधिक वेळात कापेल. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर त्याच प्रवासास चार तास लागतील. अमेरिकी नियमांनुसार दृश्य उड्डाणात दिवसा किमान ३० व रात्री ४५ मिनिटांचे इंधन राखीव ठेवावे लागते. समुद्रसपाटीवर व प्रमाणित तापमानात विमान सुमारे ३०० मीटर धावून जमीन सोडते. हवा तापली किंवा धावपट्टी उंचावर असली, की विरळ हवेमुळे इंजिनाची शक्ती, पंख्याची ओढ आणि पंखांची उचल ही तिन्ही घटतात. थंड सकाळी सहज पुरलेली धावपट्टी उन्हाळ्याच्या दुपारी अपुरी पडते, ती यामुळे.

परवाना आणि हवामान

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात व सर्वसाधारण नियमांनुसार किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. प्रत्यक्षात बहुतेकांना ६० ते ७० तास लागतात. खर्चाचा अंदाज त्यावरूनच बांधलेला बरा. परवाना मिळाल्यावरही दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी करावी लागते आणि प्रवासी न्यायचे असल्यास आधीच्या ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली असावी लागतात. या परवान्यावर मोबदला घेता येत नाही. सहप्रवाशांबरोबर इंधन, भाडे यांसारखा थेट खर्च वाटून घेता येतो. परंतु वैमानिकाला आपला समान वाटा द्यावाच लागतो.

लहान विमान हे प्रवासाचे भरवशाचे साधन होण्याआड पैशापेक्षाही हवामान अधिक येते. केवळ दृश्य नियमांनुसार उडणाऱ्या वैमानिकाला ढगांत शिरण्याची मुभा नसते. क्षितिज दिसेनासे झाले, की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा फसवते आणि वळणारे विमान सरळ जात असल्याचा भास होतो. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) यांचे पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले व तिघेही मृत्युमुखी पडले. त्यांच्याकडे उपकरणांच्या साहाय्याने उडण्याची पात्रता नव्हती. अंधारी रात्र व धूसर हवा अशा स्थितीत दिशाभ्रम होऊन विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष तपास मंडळाने काढला. विमानातील बिघाडाचा पुरावा आढळला नाही. ठरलेल्या वेळी पोहोचण्याची निकड अशा अपघातांच्या मुळाशी वारंवार आढळते. म्हणूनच मुक्काम लांबवण्याची वा परतीचे तिकीट काढण्याची तयारी हा या प्रवासाच्या खर्चाचाच भाग समजला जातो.

भारतातील स्थिती

भारतात हौशी उड्डाणाचा आरंभ फ्लाइंग क्लबांपासून झाला. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. तेथे शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ठेवलेल्या पारितोषिकासाठी १९३० साली टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकिर येथे इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकले असता टाटांनी त्यांना आपल्याजवळचा प्लग दिला, असे सांगितले जाते. पारितोषिक इंजिनिअर यांनीच पटकावले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

आज देशातील लहान विमाने प्रामुख्याने प्रशिक्षण संस्थांकडे आहेत. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया येथे असे प्रशिक्षण चालते. तेथील बहुतेक विद्यार्थ्यांचे लक्ष्य २०० तासांचा व्यावसायिक परवाना हे असते, खासगी परवाना नव्हे. खासगी मालकीचे प्रमाण अल्प असण्याची कारणे केवळ आर्थिक नाहीत. आयात व नोंदणीची प्रक्रिया लांबलचक आहे, लहान विमानांसाठी खुल्या धावपट्ट्या विरळ आहेत, दोन विमानतळांमधील उड्डाणासाठी हवाई संरक्षण यंत्रणेकडून आधी क्रमांक घ्यावा लागतो, आणि स्थानिक वा प्रशिक्षण उड्डाणांसारखे अपवाद वगळता सूर्यास्तानंतर दृश्य उड्डाण करता येत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर उतरणारे ढग हे निसर्गाचे बंधन वेगळेच.

एव्हगॅससाठी देश दीर्घकाळ आयातीवर अवलंबून होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने गुजरातमधील आपल्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. स्वतः विमान बांधण्याचे प्रयत्नही तुरळक आहेत. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथील घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले होते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी २०१७ साली झाली.