फोटोतली इमारत ओळखायची कशी?

मैत्रिणींनो, जमाखर्चाच्या वहीत नुसती रक्कम लिहिली आणि ती कशाची ते लिहिलं नाही, तर वर्षभरानं ती नोंद आपल्यालाच कळत नाही. जुन्या फोटोंचं तसंच असतं. मोठमोठ्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो आता सगळ्यांसाठी खुले केले आहेत, पण कितीतरी फोटोंखाली नुसतं "मुंबईतील रस्ता" एवढंच लिहिलेलं असतं. कुठला रस्ता, कोणत्या साली, समोरची इमारत कोणती, हे आपणच शोधायचं. दुपारी कामं आवरल्यावर करायला फार छान उद्योग आहे हा!

पहिला नियम असा, की आधी न बदललेली खूण शोधायची. फोर्ट भागात ही खूण म्हणजे राजाबाई टॉवर, उंची २८० फूट. त्याची पायाभरणी १८६९ साली झाली आणि काम संपलं १८७८ साली. शेजारचं विद्यापीठाचं पदवीदान सभागृह मात्र १८७४ मध्येच तयार झालं होतं. म्हणजे फोटोत सभागृह पूर्ण दिसतंय पण मनोरा अर्धवट आहे, तर तो फोटो १८७४ ते १८७८ मधला. अशी दोन्ही बाजूंनी तारीख बांधता येते.

हा टॉवर आपल्या बायकांना जवळचा वाटावा असाच आहे. कापसाचे आणि शेअर बाजाराचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं, राजाबाईंचं नाव द्यायला सांगितलं. त्या काळी एवढ्या मोठ्या सार्वजनिक इमारतीला एका जैन गृहिणीचं नाव लागलं, ही लहान गोष्ट नाही. असं सांगतात, की त्यांना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मोडू नये म्हणून घड्याळाचे टोल उपयोगी पडत. ही ऐकीव कथा आहे, पण नियम पाळणाऱ्या घरात ती पटकन पटते. टॉवरचं नशीबही चांगलं. त्याची नीट दुरुस्ती झाली, आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींबरोबर त्याचाही समावेश झाला.

दुसरी खूण काळा घोडा. सातव्या एडवर्डचा, म्हणजे तेव्हाच्या युवराजाचा हा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये बसवला आणि १९६५ मध्ये हलवला. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. फोटोत तो चौकात दिसला, की काळ या दोन सालांमधला. त्यातही ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर साधारण १९०७ च्या आधीचा, कारण १९०७ पासून विजेची ट्राम आली.

आणखी एक गंमत. कधीकधी काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापलेला असतो. मग डावीकडची इमारत उजवीकडे जाते आणि आपण चक्रावतो. दुकानाची पाटी वाचून बघावी. अक्षरं उलटी असतील तर उलगडा होतो.

आता याच परिसरातली एक इमारत बघा, वॉटसन हॉटेल. फोटोत ओळखायला सोपी, कारण आजूबाजूला दगडी कमानी आणि हिच्या मात्र लोखंडी खांबांच्या लांबच लांब गॅलऱ्या. लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून जहाजानं आणला आणि इथे जोडला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला सिनेमाचा खेळ इथेच झाला. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं आणि पुढे हिचं वैभव ओसरत गेलं. नंतर इथे लहान लहान खोल्या पाडून भाडेकरू आणि वकिलांची कार्यालयं आली, नाव पडलं एस्प्लनेड मॅन्शन. २००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडण्याची शिफारस केली, तर वारसा समितीनं पाडायला विरोध केला.

इथे मन दोन्हीकडे ओढलं जातं. खाली चालणाऱ्या माणसाचा जीव कुठल्याही वारशापेक्षा मोठा, यात शंका नाही. पण वेळच्या वेळी डागडुजी केली असती, तर जीव आणि वारसा यांतून एक निवडायची पाळीच आली नसती. छप्पर पहिल्यांदा ठिबकलं तेव्हाचा खर्च आणि भिंत खचल्यावरचा खर्च यातला फरक घर चालवणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही.

आणि ओळख पटलेले जुने फोटो इथेच कामाला येतात. मूळ कठडा कसा होता, खिडकीची नक्षी कशी होती, नंतर कुठे काय वाढवलं, हे दुरुस्ती करणाऱ्यांना त्यावरून कळतं. नाव नसलेला फोटो मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मुंबईच कशाला, आपापल्या गावचा वाडा, पेठेतलं दुकान, धर्मशाळा, मंदिराचा जुना सभामंडप यांचे फोटो आपल्या पेटीतही असतील. या आठवड्यात ते काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून विचारा आणि मऊ पेन्सिलीनं मागे लिहा : जागा कोणती, साल अंदाजे कोणतं, आज तिथे काय आहे. सांगणारं माणूस आहे तोवरच हे होईल.