रंगवलेलं 'पायलट'

मुंबईच्या चोरबाजारात काळ्याभोर डायलचं एचएमटी 'पायलट' दिसलं, की मी आधी भिंग काढतो. अक्षरं जाड आणि मिनिटांच्या रेघा तिरक्या असतील तर डायल नव्यानं रंगवलेली, हे नक्की. संग्राहक अशा घड्याळांना नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, आत यंत्र अस्सल असलं की माझं काम भागतं.

एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभारला. 'जनता' आणि 'पायलट', या दोन्ही मॉडेलांत पुढे 17 खड्यांचं, चावीचं एकच यंत्र बसू लागलं. एकाचा भाग दुसऱ्याला चालतो, त्यामुळे आम्हा हौशी लोकांचं फावतं.

दुरुस्ती म्हणजे बहुतेकदा सफाई. वाळून चिकट झालेलं तेल पेट्रोलनं धुवायचं. खरी परीक्षा हेअरस्प्रिंगची: तिची दोन वेटोळी तेलानं चिकटली, तर घड्याळ बंद पडत नाही, भलतंच पुढे पळतं.

1987 नंतर टायटनच्या क्वार्ट्झनं चावीची घड्याळं कपाटात धाडली. 2016 मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि तीच घड्याळं लोक शोधू लागले. मी डायल, काटे, पट्टे खुशाल बदलतो. मूळ डायल मात्र कागदात गुंडाळून, नाव लिहून ठेवतो.